डावखुऱ्याचा हंडा

आमच्या घरी लग्नाची पत्रिका आली की बाबा ती आधी उलटी धरतात. उलटी म्हणजे डोकं खाली, पाय वर; वरचा गणपती शीर्षासनात. मग चष्मा कपाळावर सरकवून पत्रिका नाकापाशी नेतात आणि अर्ध्या मिनिटात जाहीर करतात, "डावीकडचा समास दोन सूत जास्त सुटलाय." लग्न कुणाचं, कधी, कोणत्या कार्यालयात, हे सगळं त्यानंतर. आई म्हणते, "अहो, जेवायला बोलावलंय, पास करायला नाही."

बाबांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेली, तपासणीच्या कामात. नाशकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र कुणाच्या मनात येत नाही. १९२५ साली इथे सिक्युरिटी प्रेस उभी राहिली. त्याआधी आपली टपाल तिकिटं इंग्लंडहून छापून यायची. नोटांची प्रेस १९२८ ची. बाबा कामाबद्दल घरात बोलत नसत, बोलायचं नसतंच; पण काही गोष्टी कुणालाही नोट हातात धरून दिसतात, तेवढ्या त्यांनी आम्हा भावंडांना दाखवल्या. मागच्या बाजूच्या पंधरा भाषांच्या पट्टीत मराठी आठवी. त्या पंधरांपैकी कोकणी, मराठी, नेपाळी, संस्कृत अशा चार ओळी देवनागरीत. आणि तारा. छापताना एखादी नोट बिघडली तर पूर्वी तिच्या जागी त्याच नंबरची दुसरी नोट घालावी लागे. २००६ पासून नंबरात छोटासा तारा असलेली नोट घालायला सुरुवात झाली. भाजीवाल्याकडून सुट्टे घेताना अशी नोट आली की मला अजून वाटतं, हिच्या आधीची कुणीतरी बाजूला काढली. काय चुकलं होतं देव जाणे, पण कुणाला तरी ते दिसलं.

पत्रिका उलटी का धरता, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "सुलटी धरली की माणूस वाचतो. वाचायला लागला की बघायचं राहून जातं."

हे वाक्य मी माझ्या धंद्यात इतक्या वेळा वापरलंय की बाबांना रॉयल्टी द्यायला हवी. मी ब्रँडिंगचं आणि वेबसाइटचं काम करते. गंगापूर रोडला एक खोली, दोन टेबलं, एक मदतनीस मुलगी आणि फक्त शनिवारी बिघडणारा एक प्रिंटर. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "ताई, डिटेलिंग एकदम झकास पाहिजे." डिटेलिंग म्हणजे नेमकं काय, असं खोदून विचारलं तर बहुतेकदा सोनेरी रंग निघतो. लोगोला जरा चमक, मागे जरा नक्षी, पान उघडलं की पाकळ्या पडल्या तर फारच छान. मीही फार शहाणी होते अशातला भाग नाही. माझ्या लेखी बारकावा म्हणजे सगळ्या फोटोंच्या सावल्या एका बाजूला पडणं, बटणांचे कोपरे सारखेच गोल असणं, दोन ओळींतलं अंतर मोजूनमापून तेवढंच असणं. ते लागतंच. ते सोडा असं मी आजही कुणाला म्हणणार नाही.

दीड वर्षापूर्वी भांडी बाजारातल्या एका दुकानाचं काम आलं. तिसरी पिढी, तांब्या-पितळेची हाती घडवलेली भांडी. गोदेला पूर येतो तेव्हा पाणी सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीशी पाणी लागलं की ही मंडळी माल माळ्यावर चढवायला घेतात. मुलगा माझ्याच वयाचा, इंजिनिअरिंग करून पुन्हा गल्ल्यावर बसलेला. त्याला पुण्या-मुंबईला माल पाठवायचा होता. काकांना, म्हणजे त्याच्या वडिलांना, काहीच नको होतं. ते मागच्या खोलीत ठोकत बसलेले असत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी मान वर करून एवढंच विचारलं, "नाशिक लिहिता येतं का कम्प्युटरवर?"

प्रश्न खवचट होता, पण रास्त होता. महामार्गालगतच्या एका हॉटेलच्या पाटीवर भल्यामोठ्या अक्षरांत 'नाशकि' लिहिलेलं आम्ही दोघांनीही पाहिलेलं होतं. हे कसं होतं ते सांगते, कारण यात पाटीवाल्याला अक्षरओळख नसते असं लोकांना वाटतं आणि ते खरं नसतं. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात अक्षरानंतर येते आणि लिहिताना अक्षराच्या आधी. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं साठवलेली असते, आधी श आणि मग वेलांटी. तिला उचलून श च्या अलीकडे नेऊन बसवणं हे सॉफ्टवेअरचं काम. चित्रांच्या आणि छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी करणारी एक वेगळी सेटिंग असते. ती चालू नसली की वेलांटी साठवलेल्या जागीच उभी राहते आणि पुढच्या क ला जाऊन चिकटते. जोडाक्षरं फुटतात, हलन्त लोंबतात. आणि गंमत म्हणजे नाशिककर 'नाशकि' सरळ 'नाशिक' असंच वाचतो. डोळा चूक दुरुस्त करून पुढे जातो. म्हणूनच ती पाटी तशीच टिकते. बाबा ती उलटी धरू शकत नाहीत, एवढाच काय तो फरक.

काकांना मी लिहून दाखवलं. त्यांनी हुं केलं.

अक्षरांचं त्यांना एवढं का, हे नंतर कळलं. घरोघरी भांड्यांवर नावं असतात ना, 'लग्नानिमित्त मामाकडून सप्रेम भेट' वगैरे, ती नावं घालायचं काम ते चाळीस वर्षं करत होते. आधी हातानं, ठिपक्याठिपक्यानं, आणि मग मशीननं. तांब्याच्या गोल पोटावर सरळ ओळीत शिरोरेघ काढून दाखवा म्हणजे कळेल. त्यामुळे मी पहिलं पान तयार करून नेलं तेव्हा भांड्यांकडे त्यांनी पाहिलंच नाही. 'कल्हई' या शब्दावर बोट ठेवलं. "हा ल कुठला?"

मी म्हटलं, "ल च आहे की."

"हा मी कधी घातलेला नाही."

खरं होतं. पडद्यावरचा ल उभ्या दांड्याचा होता, हिंदीत असतो तसा. मराठीतला ल दोन पाकळ्यांचा, मागे दांडा नसलेला. तसंच श चं. राज्य सरकारच्या २०२२ च्या शासन निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. शाळेत आपण तोच गिरवतो आणि मोबाइलवर दिवसभर दुसराच वाचतो. मला हे माहीत नव्हतं अशातला भाग नाही, पण माझ्या डोळ्याला तो खटकणं कधीच बंद झालं होतं. उपाय मात्र लाजिरवाणा सोपा निघाला. पानाच्या कोडमध्ये सगळ्यात वर भाषेची नोंद असते. मी बाहेरून आणलेल्या तयार साच्यात ती हिंदीची होती. ती मराठीची केली, म्हणजे दोन रोमन अक्षरं बदलली, की चांगल्या फॉन्टमध्ये ल आणि श आपोआप मराठी वळणाचे होतात. आंधळ्या माणसाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही याच नोंदीवरून मराठी उच्चार निवडतं. दोन अक्षरं, आणि मी सात वर्षांत ती एकदाही उघडून पाहिली नव्हती.

त्याच साच्यानं आणखी एक घोळ घातला होता. इंग्रजी मथळ्यांची अक्षरं ऐसपैस सुटी ठेवायची फॅशन आहे. तेच अंतर मराठीला लागलं की शिरोरेघ तुटते. 'तां ब्या ची  क ळ शी'. पुरात वाहून आलेल्या फळकुटांसारखी अक्षरं सुटीसुटी तरंगत होती. ओळींतलं अंतरही इंग्रजीच्या मापानं धरलेलं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकलेले. आपल्या लिपीला डोक्यावर आणि पायाखाली दोन्हीकडे जागा लागते. ती दिली नाही तर पहिला बळी रफार आणि दुसरा दीर्घ ऊकार.

रफारावरून आठवलं. कधीकाळी एका केटरिंगवाल्यांच्या साइटवर मी 'आमच्या आचार्यांच्या हातची पुरणपोळी' असं लिहून बसले होते. आठ महिने. शेवटी एका निवृत्त मास्तरांनी फोन करून मालकांना विचारलं, "पोळ्या लाटणारे आचार्य कोणत्या विद्यापीठाचे?" ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये साध्या र पासून वेगळं आहे, खाली ठिपका असलेलं, ते वापरलं नाही तर आचाऱ्याचा आचार्य होतो आणि दऱ्यांचा दर्या.

असो. भांडी.

साच्यातल्या बटणावर 'कार्टमध्ये जोडा' असं होतं. काकांनी ते दोनदा वाचलं. "जोड आम्ही फुटक्या भांड्याला देतो. नव्याला कशाला?" मुलगा हसायला लागला, मला वाटलं झालं, आता हे बदलायला लागणार, आणि मनातल्या मनात जरा चिडलेच. लोकांना सवय असते अशा शब्दांची, मी म्हणाले. "मग दुकानात काय म्हणतात लोक?" त्यांनी विचारलं. मी एक शनिवारभर गल्ल्यापाशी स्टूल टाकून बसले आणि कानावर येईल ते लिहून घेतलं. "दाखवा जरा." "याच्यातलं धाकटं नाही का?" "वजन किती भरेल?" "कल्हई कधी करायची?" "बांधून द्या." आज त्या साइटवर खरेदीच्या बटणावर 'बांधून द्या' असं आहे. मापं निवडायच्या जागी 'थोरलं, मधलं, धाकटं' आहे आणि खाली लिटर. 'नाशिकमधील अग्रगण्य' हे मी स्वतःच खोडलं. अग्रगण्य नाही असं एकही दुकान मला इंटरनेटवर सापडलेलं नाही. त्याजागी 'नाशकात, भांडी बाजारात, तीन पिढ्या' एवढंच ठेवलं. मुलाला 'नाशकात' जरा गावंढळ वाटत होतं. मी अडून बसले. नाशिकचा माणूस नाशकातच राहतो.

वजनाचा प्रश्न साच्याला समजेचना. त्याला प्रत्येक वस्तूची एक किंमत हवी होती. हाती घडवलेलं भांडं वजनावर विकतात, धातूचा भाव अधिक मजुरी, आणि दोन हंडे कधी एका वजनाचे निघत नाहीत. पाच-सहा दिवस डोकं फोडून शेवटी प्रत्येक हंड्याचा स्वतंत्र फोटो आणि त्याचं खरं वजन टाकायचं ठरलं. कंटाळवाणं काम. पण त्यामुळेच तो फोटोचा प्रकार उघडकीला आला.

फोटो मीच काढले होते. माळ्यावर, खिडकीच्या उजेडात. पहिल्या दिवशी अकरा भांडी झाली. दुसऱ्या दिवशी मालाची चवड हलवल्यामुळे पलीकडच्या खिडकीपाशी बसावं लागलं आणि एका हंड्याची सावली डावीकडे पडली, बाकी सगळ्यांची उजवीकडे. पानावर बारा फोटो शेजारी शेजारी लावले की तो एक हंडा गटात उलटा बसल्यासारखा दिसायचा. मी तो फोटो आडवा फिरवला, आरशात दिसतो तसा. एक क्लिक. हंडा दोन्ही बाजूंनी गोलच असतो, कुणाला काय कळणार? पान इतकं नेटकं दिसायला लागलं की मी मदतनीस मुलीला बोलावून दाखवलं, हे बघ, याला म्हणतात बारकावा.

काकांनी मुलाच्या टॅबवर ते पान पाहिलं. दोन बोटांनी फोटो मोठा करायला ते नुकतेच शिकले होते. अकरा फोटो सरसर पुढे गेले. बाराव्यावर थांबले, मोठा केला, आणखी मोठा केला.

"हा आपला नाही."

"काका, तुमच्याच माळ्यावर काढलाय. मी स्वतः."

"हा डावखुऱ्यानं ठोकलाय. आमच्यात डावखुरा कुणी नाही."

मी गप्प झाले. ते उठले, मला मागच्या खोलीत घेऊन गेले आणि अर्धवट झालेला एक हंडा जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर चढवला. डाव्या हातानं हंडा थोडा थोडा फिरतो, उजव्या हातातली हातोडी एकाच जागी पडत राहते. याला मठारणं म्हणतात. ठोके शोभेसाठी नसतात, ठोक्यानं तांबं कडक होतं, पत्र्याला अंग येतं. प्रत्येक नवा ठोका आधीच्या ठोक्याची कड जराशी खातो. त्यामुळे एकेक ठसा पूर्ण गोल राहत नाही, माशाच्या खवल्यासारखा एका बाजूनं झाकलेला राहतो, आणि ओळीच्या ओळी सगळे खवले एकाच दिशेला बघतात. काकांनी माझा अंगठा धरून पोटावरून फिरवला. एका दिशेनं सुळसुळीत. उलट फिरवला तर अगदी बारीक, केसाएवढी धार लागली. "हं. आता तुझ्या फोटोत बघ, खवले कुठं बघतायत."

ते दुसरीकडे बघत होते. मी ती बारा चित्रं दहा दिवस रोज पाहत होते, रंग सुधारत होते, कडा कापत होते, आणि मला फक्त सावली दिसली होती. माझा बारकावा सांभाळायला मी त्यांचा मोडला होता. कबूल केलं. ते रागावले नाहीत, उलट जरा खूशच झाले असावेत, कारण त्यांनी मुलाला हाक मारून तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. मी फोटो सरळ केला. सावली आजही त्या एका हंड्याची उलटी पडते. नवीन फोटो काढता आला असता. तोवर तो हंडा विकला गेला होता.

दुसरी चूक एवढी गोड नव्हती. तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवायचं नसतं. ताक, चिंच, लिंबू. आतून कथलाची कल्हई असली तर गोष्ट वेगळी. हे कल्हई नसलेल्या प्रत्येक भांड्याच्या पानावर लिहायचं, असं काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि मी लिहिलंही होतं. फिकट राखाडी रंगात, बारीक अक्षरांत, किमतीच्या खाली. सूचना ठळक दिसली की पान 'औषधाच्या बाटलीसारखं' दिसतं, असं माझं मत. एका गिऱ्हाइकानं घरच्या मुंजीत कल्हई नसलेल्या हंड्यात मठ्ठा करून ठेवला. कडेला हिरवट दिसायला लागल्यावर घरातल्या आजींनी तो सगळा ओतून टाकायला लावला, म्हणून निभावलं. त्यांचा फोन आला, "तुम्ही सांगायला नको?" मुलगा म्हणाला, लिहिलंय की. त्यांनी विचारलं, कुठे?

मी कुठे ते पाहायला बसले. मजकूर आणि मागचा रंग यांच्यात किती फरक हवा, याचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक माप आहे, साध्या मजकुराला किमान ४.५ ला १. माझा राखाडी रंग मोजला तर २.३ ला १ भरला. हे माप मला पाठ आहे. कॉलेजच्या मुलांना मी ते शिकवूनही आले आहे. आईच्या फोनवर ते पान उघडून तिच्या हातात दिलं आणि खाली काय लिहिलंय ते वाच म्हटलं, तर म्हणाली, "इथे काही लिहिलंय?" तिनं ते नीट धरलं होतं, सुलटं. आता ती ओळ काळ्या अक्षरांत, किमतीच्या वर आहे, आणि 'बांधून द्या' दाबलं की पुन्हा एकदा विचारते. पान औषधाच्या बाटलीसारखं दिसतं. दिसू दे.

बाकी किरकोळ पुष्कळ निघालं, ते कुठल्याही साइटवर निघतं. फोन नंबरवर बोट ठेवलं तर फोन लागत नव्हता. तळाशी साल चार वर्षांपूर्वीचं. नकाशावरचा टाचणीचा ठिपका अशा गल्लीच्या तोंडाशी, जिथून चारचाकी आत जातच नाही. मोठ्या ऑर्डरची रक्कम इंग्रजी पद्धतीनं तीन-तीन आकडे तोडून '१२५,०००' अशी, म्हणजे गिऱ्हाइकानं एकशे पंचवीस हजार वाचायचे आणि मनात सव्वा लाख करायचे. शिवाय रोमनमध्ये नाशिक लिहिताना एका पानावर एस आणि दुसऱ्यावर एसएच. शूर्पणखेच्या नाकावरून नासिक म्हणा नाहीतर आजच्यासारखं नाशिक, पण एका दुकानानं एकच काहीतरी म्हणावं. आता २०२७ च्या सिंहस्थाच्या तोंडावर गावात जो तो साइट करून मागतोय, तेव्हा ही यादी मी भिंतीवर चिकटवून ठेवली आहे.

साइट चालू होऊन तीनेक महिने झाले असतील. रविवारी सकाळी सात वाजता काकांचा फोन. त्यांचा फोन याआधी कधी आला नव्हता, त्यामुळे मी धसकलेच. म्हटलं, परत काहीतरी हिरवं झालं.

"अगं, तो आपला दुकानाचा फोटो आहे ना, सगळ्यात वरचा?"

"हो काका."

"त्यात मागं भिंतीवरचं घड्याळ दिसतंय. दहा वाजून दहा."

"मग?"

"बंद आहे ते. दोन वर्षं झाली. मी रोज खालीच बसतो, मला काही दिसलं नाही. काल फोटोत दिसलं." जरा थांबले. मागे टकटक ऐकू येत होती, घड्याळाची की हातोडीची कळेना. "सेल घातलाय आत्ता. सवडीनं ये आणि परत काढ."